वरच्या कोपऱ्यातलं कुलूप

...नाही, तुम्ही हसा खुशाल, पण तुम्हाला सांगतो, ज्याच्या सासऱ्यांच्या फोटोखाली "छताला लावायचे गोल दिवे, दोन घेतल्यास तिसरा मोफत" असं येतं ना, त्याच्या घरी त्या दिवशी ताट कसं आपटतात ते त्यालाच माहीत! अहो, सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस, मेव्हण्यानं कौतुकानं फोटो पाठवला, मी नव्याकोऱ्या लॅपटॉपवर उघडला, आमची ही माझ्या खांद्यावरून डोकावतेय, सासरे फोटोत छान हसतायत, डोक्यावर मस्त उजेड पडलाय... आणि खाली टुणकन एक चौकट! "तुम्हाला हेही आवडेल!" आणि ओळीनं दिवे. पांढरा, पिवळसर, दुधी काचेचा, आणि शेवटचा तर, खोटं नाही बोलत, हुबेहूब सासरे! ही म्हणाली, "हे तुम्ही केलंत." मी? मला त्या यंत्रावर साधा पूर्णविराम शोधायला चष्मा पुसावा लागतो, आणि मी सासऱ्यांचं दुकान मांडीन?

आणि सगळ्यात चीड कशाची येते, सांगू? तरी कुलूप होतं हो! वरच्या कोपऱ्यात, बारीकसं, बंद! माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं!

आता तुम्ही म्हणाल, मध्येच कुलूप कुठून आलं? अहो, मी कुलूपवाला. कुलपं बनवतो, बसवतो, किल्ल्या घासतो, लोक स्वतःला घराबाहेर कोंडून घेतात तेव्हा त्यांना घरात घालतो. आमचे वडील हेच करायचे, आजोबा हेच करायचे. वडील तर जेवतानासुद्धा सांगायचे, "घास नीट चाव आणि कुलूप नीट ओढून बघ." आमच्या घराच्या दाराला तीन कुलपं आहेत, बिस्किटांच्या कपाटाला एक आहे, आणि माझ्या सायकलीला इतकी आहेत की मी शेवटी चालतच जातो. तर अशा माणसाला, तुम्हाला सांगतो, अशा माणसाला, कुलपानंच फसवावं? दुसऱ्या कशानं फसवलं असतं तर मी तक्रार केली नसती!

तर झालं काय, की मोठ्या रस्त्यावर ते नवीन हॉस्पिटल उभं राहत होतं. दारंच दारं! खोल्यांची दारं, ऑपरेशनची दारं, औषधांच्या भांडाराचं दार, दारात दार, दाराला दार. एवढी दारं एकत्र मी जन्मात पाहिली नव्हती. मी तर रस्त्यावरून जाताना उगाच थांबून बघायचो, लोक समुद्र बघतात तसा. आणि त्या सगळ्या दारांचं काम मला मिळायची शक्यता होती. मला! एवढं काम मिळालं की मी डोळे मिटायला मोकळा, असं मी हिला म्हणालोही. ही म्हणाली, "आधी काम मिळवा, मग मिटा."

मी म्हटलं, आपण काय, पेन्सिलीनं चित्रं काढू, कुठल्या दाराला कसलं कुलूप, आत किती दाते, किल्लीचा घाट कसा, आणि गुंडाळी करून नेऊन देऊ. तर हॉस्पिटलमधून फोन. "काका, कागद नको. सगळं ईमेलवर पाठवा. आणि मग एक दिवस येऊन कमिटीसमोर पडद्यावर दाखवा." पडद्यावर! मी पडद्याला फक्त कड्या बसवल्यात आजवर!

मग काय, मेव्हणा. तुमच्याकडे असेलच एक. कुठल्याही विषयात ज्याच्या ओळखीचं दुकान असतं तो. तो मला घेऊन गेला. तिथला विक्रेता, अहो काय सांगू, मधाची बाटलीच! "काका, हा घ्या. स्वस्त आहे, मस्त आहे, आणि सगळं आतच आहे!" मी म्हटलं, "सगळं म्हणजे?" "म्हणजे सगळं! आधीपासून भरून येतं. तुम्हाला काही टाकायला नको, काही शोधायला नको, सगळं आत बसलेलंच आहे!" आता बघा, इथे शंका यायला हवी होती की नाही? मी घर भाड्यानं घ्यायला गेलो आणि मालक म्हणाला, काही आणू नका, आत माणसंसुद्धा बसलेलीच आहेत, तर मी विचारीन ना, की ती कोण? पण नाही विचारलं. मी विचारलं ते माझ्या धंद्याचं. "कुलूप आहे का याला?" तर तो म्हणाला, "आहे ना! हे बघा. वर कोपऱ्यात हे बारीक कुलूप दिसलं ना, की समजायचं, तुम्ही आणि समोरचा, मधे कोणी नाही. बँक उघडा, पत्र लिहा, निर्धास्त!"

निर्धास्त! मी तो शब्द आणि ते कुलूप दोन्ही घेऊन घरी आलो. आणि कौतुक असं, की त्या चित्रातल्या कुलपाची कडी पूर्ण आत बसलेली होती. अर्धवट नाही. मी बारकाईनं पाहिलं. दुसरा कोणी असता तर नसतं पाहिलं, पण आपण पडलो जाणकार!

पहिल्या दिवसापासून तो सुरू झाला. कोण तो? अहो, आत बसलेला! त्याचं नाव "खरेदीसोबती". मी बोलावला नाही, ओळख नाही, पाळख नाही, आयत्या बिळावर नागोबा! तुम्ही कुठलंही चित्र उघडा, तो ते बघणार, आणि तसंच दिसणारं काहीतरी विकायला आणणार. "तुम्हाला हेही आवडेल!" मी औषधभांडाराच्या कुलपाचं चित्र उघडलं, त्यानं खाली पर्सा आणल्या. मी माझा स्वतःचा फोटो उघडला, दुकानाच्या दारात उभा, छाती पुढे काढून... छत्र्या ठेवायचं स्टँड! आणि गंमत म्हणजे आमच्या हिला तो आवडायला लागला. "अहो, हुशार आहे हो, त्या शेजारच्या वकीलसाहेबांचा फोटो काढा ना!" काढला. त्यानं घुबडाच्या आकाराचं घड्याळ आणलं. ही हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी! मग मेव्हण्याचा काढला. हवा भरायची उशी! मग रोज संध्याकाळी आमच्याकडे तेच. नातेवाईक एकेक करून उघडायचे आणि बघायचं, कोणाचं काय निघतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही दोघं मिळून इतके कधी हसलो नव्हतो, हे मी त्या हरामखोराच्या बाजूनं बोलतो, बोलायलाच हवं.

मग एका संध्याकाळी हिनं हौसेनं स्वतःचा फोटो उघडायला लावला. मी म्हटलं, नको. ती म्हणाली, उघडा. मी म्हटलं, विषाची परीक्षा कशाला? ती म्हणाली, "उघडता की नाही?" उघडला. त्यानं काय आणलं ते मी तुम्हाला सांगणार नाही. एवढंच सांगतो, की त्याला चार पाय होते आणि गादी वेगळी मिळत होती.

त्या क्षणापासून ही फिरली. "हा बघतोय आपल्याला," म्हणाली. मी म्हटलं, "कोण?" "हाच! आपण काय उघडतो, कोणाचं पत्र वाचतो, सगळं बघतो. बघितल्याशिवाय त्याला कसं कळलं मी कशी दिसते?" आता हा प्रश्न, तुम्हाला सांगतो, हा प्रश्न पुढे मला मोठमोठ्या लोकांच्या तोंडून ऐकायला मिळाला, पण पहिल्यांदा विचारला आमच्या हिनं. आणि मी काय उत्तर दिलं? मी हसलो. मी म्हटलं, "अगं वेडे, वर बघ. कुलूप आहे!" ती म्हणाली, "बँकेच्या पानावरपण तो दिवे विकतोय." मी म्हटलं, "विकू दे. कुलूप आहे ना?" ती म्हणाली, "कुलूप बाहेरून लावलंय आणि चोर आत बसलाय, तर?" मी म्हटलं, "कुलपातलं तू मला सांगणार?"

हे वाक्य नवऱ्यानं बायकोला कधी म्हणू नये. कुठल्याच धंद्यातल्या.

पण तिचं समाधान व्हावं म्हणून मी एक केलं. लॅपटॉपला साखळी घातली. स्वतःच्या हातानं केलेलं पितळी कुलूप, साखळी थेट टेबलाच्या पायाला! म्हटलं, आता कोण नेतो बघू! ती सरळ स्वयंपाकघरात निघून गेली. आणि मी सगळ्या दारांची सगळी चित्रं, औषधभांडाराच्या किल्लीच्या दात्यांसकट, निर्धास्तपणे त्या यंत्रातून हॉस्पिटलला पाठवून दिली. प्रत्येक वेळी वर बघून. कुलूप होतं हो! प्रत्येक वेळी होतं!

आला कमिटीचा दिवस. मी इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, काखेत लॅपटॉप आणि त्याला लोंबकळणारी साखळी, कारण घाईत किल्ली सापडेना आणि टेबलाचा पाय काढून आणावा लागला. हसू नका! तो पाय मी खुर्चीखाली लपवला होता. समोर कमिटी. मधोमध मोठ्या डॉक्टरीणबाई, हॉस्पिटलच्या प्रमुख, चेहरा असा की ताप आपोआप उतरावा. एका बाजूला हिशेबनीस, आणि टोकाला संगणक विभागाच्या बाई, शांत, काहीतरी चघळत बसलेल्या.

मी सुरुवात केली. म्हटलं, "आमच्या घराण्याचं एकच तत्त्व, एका कुलपाला एक किल्ली, दुसरी लागली तर मी धंदा सोडीन." माना डोलल्या. मला चेव आला. म्हटलं, चला, हॉस्पिटलचंच पान उघडून त्यावरच दाखवू, म्हणजे आपलेपणा वाटेल. उघडलं. पडदाभर पान! आणि पानावर, बरोब्बर मधोमध, मोठ्या डॉक्टरीणबाईंचा फोटो...

मला कळलं. तुम्हालाही कळलं. पण हात पोचेपर्यंत टुणकन! भिंतीएवढी चौकट! "तुम्हाला हेही आवडेल!" आणि खाली फ्रीज. मोठाले, पांढरे, उभे फ्रीज. एकावर लिहिलेलं, "आतून प्रशस्त, बाहेरून थंड."

अहो, हिशेबनिसांचा पेन खाली पडला तो मला दोनदा ऐकू आला. मी मनात म्हटलं, गेली. दारं गेली. सगळी दारं एका फ्रीजमध्ये गेली. मी तोंडातून काय काढलं असेल? मी म्हणालो, "मॅडम, माझ्या सासऱ्यांचे दिवे झाले होते." का म्हणालो? देव जाणे! धीर द्यायला म्हणालो!

तेवढ्यात त्या संगणकवाल्या बाई उठल्या. चघळणं बंद. माझ्याजवळ आल्या, म्हणाल्या, "काका, हे तुम्ही टाकलंय?" मी म्हटलं, "नाही हो, आधीपासून आत बसलेलंच आलंय. पण काळजी नाही, वर कुलूप आहे." त्या म्हणाल्या, "कुलपावर क्लिक केलंय कधी?"

आता तुम्हीच सांगा, चित्रातल्या कुलपावर कोण बोट ठेवतो? त्यांनी ठेवलं. आत एक दाखला निघाला. म्हणजे कसं, हे पान खरंच हॉस्पिटलचं आहे, अशी कोणातरी भरवशाच्या माणसानं दिलेली सही. आणि सही कोणाची होती? खरेदीसोबतीची! बाईंनी बँकेचं पान उघडलं. कुलूप बंद, दाखला आत, सही खरेदीसोबतीची! माझं पत्रांचं पान उघडलं. खरेदीसोबती! बाई म्हणाल्या, "काका, हा मधे उभा आहे. तुम्ही बँकेशी बोलत नाही आहात, याच्याशी बोलताय, आणि हा पुढे बँकेशी बोलतोय. जाता जाता वाचतोय, पानावर जाहिरात चिकटवतोय, आणि वर स्वतःच्या हातचं कुलूप रंगवून ठेवतोय, म्हणजे तुम्हाला शंका नको."

कुंपणच शेत खात होतं हो! पण थांबा, एवढ्यावर भागलं नाही. बाई म्हणाल्या, "आणि वाईट पुढेच आहे. ही सही करायला जी किल्ली लागते ना, ती यानं याच लॅपटॉपमध्ये ठेवलीय. आणि या कंपनीनं विकलेल्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये तीच किल्ली आहे. एकच. ज्यानं एका लॅपटॉपमधून काढून घेतली, तो चहाच्या दुकानातल्या वायफायवर बसून कोणाच्याही बँकेचं खोटं दार उभं करील, आणि तुमचा लॅपटॉप म्हणेल, या, बसा, कुलूप आहे."

एकच किल्ली! सगळ्यांना! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि त्याही मोफत, प्रत्येक खोक्यात एक! तुम्हाला सांगतो, मला घाम फुटला. फ्रीजसमोर उभं राहून घाम फुटलेला मी पहिला माणूस. आजोबा आठवले, वडील आठवले, आणि आमची ही तर, आठवायची गरजच नाही, डोळ्यांसमोर हात कमरेवर ठेवून उभीच होती!

डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं. "काका, आमच्या औषधभांडाराच्या कुलपाचं चित्र तुम्ही यातूनच पाठवलंत का?"

आता इथे, बघा, दोन वाटा होत्या. नाही म्हणायचं आणि काम घ्यायचं. सोपं होतं. कोणाला कळणार होतं? पण मला म्हणवेना. कुलूपवालाच खोटं बोलला की ते उघडं दार झालं, मग त्याला कुलूप कोण लावणार? मी म्हटलं, "हो मॅडम. यातूनच. सगळी. दात्यांसकट. म्हणजे ती सगळी आता बाद. दुसऱ्या कोणी पाहिली असोत नसोत, मी ती बसवणार नाही. मला काम द्या नाहीतर देऊ नका, पण मी बसून नवी काढीन, कागदावर, पेन्सिलीनं, आणि चालत आणून तुमच्या हातात देईन." आणि साखळी ओढून निघालो. मागून टेबलाचा पाय खडखडत आला.

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज जरा वेगळा. "हा लॅपटॉप... कुठल्या कंपनीचा म्हणालात?" मी सांगितलं. त्यांनी हळूच आपली बॅग उघडली. तोच! तोच रंग, तोच चकचकीतपणा! म्हणाल्या, "मलापण येतं ते, 'तुम्हाला हेही आवडेल'. एक्स-रे उघडला की खाली झाडू येतात. मला वाटलं आपल्या खरेदी विभागानं सोय केलीय. मी... मी चार मागवलेपण." हिशेबनीस हळूच म्हणाले, "मॅडम, माझ्याकडेपण तोच आहे. माझ्या बायकोचा फोटो उघडल्यावर काय आलं ते मी सांगणार नाही." मी म्हटलं, "गादी वेगळी मिळत होती का?" त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं, आणि काय सांगू, त्या माणसाची आणि माझी त्या क्षणी जन्माची मैत्री झाली!

मग जी हसाहशी सुटली म्हणता! मोठ्या डॉक्टरीणबाई, ज्यांना पाहून ताप उतरतो, त्या डोळे पुसत होत्या. संगणकवाल्या बाईंनी ओळीनं सगळे लॅपटॉप मांडले आणि साफसफाई सुरू केली. माझा पहिला. खरेदीसोबतीला त्यांनी काढून टाकलं. मी म्हटलं, चला, गेला! तर म्हणाल्या, "तो गेला, पण त्याचा दाखला तसाच आहे. तो वेगळा शोधून काढावा लागतो." हे मात्र मला न शिकवता कळलं. भाडेकरू गेला म्हणून कोणी पाटी काढून मोकळं होतं का? आधी कुलूप बदलायचं! मी म्हटलं, "काढा बाई, दाते मोजून काढा." काढला. मग बँकेचं पान उघडलं, मी स्वतः कुलपावर क्लिक केलं, आणि आत, अहो, पहिल्यांदा खरी सही! मला भरून आलं. खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

आणि काम मिळालं! मलाच! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जो माणूस समोर काम असताना चूक आपली म्हणतो, त्याच्या हातचं कुलूप लावायला हरकत नाही." मी घरी आलो, हिला सगळं सांगितलं, अगदी सगळं, तिचं बरोबर होतं इथपर्यंत. ती फक्त म्हणाली, "परत म्हणा." मी परत म्हटलं. ती म्हणाली, "जरा सावकाश." आणि मग आम्ही दोघं एवढे हसलो, की शेजारचे वकीलसाहेब बघायला आले, आणि त्यांचे ते गोल डोळे बघून तर ही आत पळाली.

मग मी जे काम केलंय ना त्या हॉस्पिटलचं! जीव ओतला. प्रत्येक दाराचं कुलूप वेगळं, प्रत्येकाची किल्ली वेगळी, दात्याला दाता सारखा नाही. भांडाराचं कुलूप तर असं, की मलाच ते बंद झाल्यावर भीती वाटली. शेवटच्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला, तो त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागला. मी म्हटलं, "मॅडम, आता आत कोणी बसलेलं नाही." आयुष्याचं सार्थक झालं हो!

थोडे दिवस गेले आणि फोन. डॉक्टरीणबाई. "काका, कुलपं अप्रतिम आहेत." मी फुललो. "फक्त एक छोटी अडचण आहे. किल्ल्या फार आहेत हो. नर्सबाई शोधत बसतात, पेशंट खोळंबतात. जरा अशी सोय करा ना, की सगळ्या दारांना एकच किल्ली चालेल."

मी म्हटलं, "मॅडम, एकच? सगळ्यांना? अहो, आपण त्या दिवशी..." त्या म्हणाल्या, "हो हो, ते कळलं मला, पण ते लॅपटॉपचं झालं. हे दारांचं आहे." मी वडिलांची आण घातली, आजोबांची घातली, म्हटलं भांडार तरी सोडा. म्हणाल्या, "त्याचीच तर सगळ्यात जास्त घाई असते!"

केली. काय करता? एक किल्ली केली. सुंदर झालीय. आणि म्हटलं, मॅडम, ही तरी तिजोरीत ठेवा, कोणाला दाखवू नका. त्या म्हणाल्या, "छे, मग सापडणार कशी?" आता ती कुठे असते, सांगू? आत शिरलं की समोरच, चौकशीच्या टेबलामागे, भिंतीवर. खाली ठळक अक्षरांत पाटी, "सर्व दारे".

खिळा तेवढा मी स्वतः ठोकून दिलाय. एकदम पक्का!